मानाचा आकडा

दुसरी वायर खोचली तेव्हा कुठे तो डबा जिवंत वाटायला लागला.

"एकच दिवा लुकलुकत होता तेव्हा आजाऱ्याच्या डोळ्यासारखा दिसत होता," कामशात म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकून बघायला लागली. काचेच्या कपाटात, पहिल्या ट्रॅक्टरचं पिवळं पडलेलं लायसन आणि १९५७ सालच्या गव्हाच्या वाळक्या ओंब्या यांच्या मधोमध, ओस्पान आगायचा जुना स्विच बसला होता. अल्माटीहून छत्तीस तास आगगाडीत, कोटाच्या आत छातीशी धरून त्यांनी तो आणला होता. कोठारातला पहिला. त्याच्या आधी इथे दोन संगणक एकमेकांशी बोलत नव्हते.

"किती वीज खातो हा?" एल्विरा गुस्ताव्होव्नानं विचारलं. संग्रहालय तिच्या ताब्यात होतं. संग्रहालय म्हणजे काय, वजनकाट्याची जुनी खोली, एक कपाट आणि भिंतीवर सन्मानाचे चौदा फोटो.

"बल्बाइतकीसुद्धा नाही."

"तरी मी जाताना खटका बंद करणार. माझ्या खोलीत माझ्यामागे काही जळत ठेवायचं नाही."

"करा की. पाहुणे आले की लावा. म्हणजे झालं."

खोली काट्याची होती म्हणून भिंतीत नेटवर्कच्या वायरींची दोन जुनी तोंडं होती, एक कचेरीकडून आलेलं, एक नव्या काट्याकडून. कामशातनं दोन्हीकडच्या वायरी डब्यात खोचल्या होत्या. भिंतीवरच्या फोटोतून आगाय बघत होते. ऑक्टोबरात, कापणी आटोपल्यावर, कोठाराचा साठ वर्षांचा उत्सव होता. तेव्हा आगायच्या खांद्यावर सगळ्यांसमोर शापान घालणार होते, मानाचा झगा, जरीचा, गुडघ्याखाली येणारा. मग त्यांना इथे आणायचं आणि दिवे लुकलुकताना दाखवायचे, असं तिच्या मनात होतं.

कोठार म्हणजे स्टेपच्या मैदानात रेल्वेलाइनीच्या कडेला उभे असलेले सिमेंटचे अकरा बुरूज. त्यांच्या पोटात अख्ख्या तालुक्याचा गहू जायचा, आणि त्या सगळ्याचं नेटवर्क एकट्या कामशातच्या अंगावर होतं. आगाय, म्हणजे तिचे गुरुजी, पेन्शनीत गेल्याला तीन वर्षं झाली होती. त्याआधी सहा वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती.

रविवारी ती त्यांच्या घरी गेली. नेहमीप्रमाणे दाराजवळच्या बाजूला, सामोवरपाशी बसली आणि चहा ओतायला लागली. या घरात ती पहिल्यांदा आली तेव्हा तिला दारासमोरच्या भिंतीशी, त्योरवर, पाहुण्यांच्या मानाच्या जागी बसवलं होतं. दुसऱ्या खेपेला आगायच्या बायकोनं, बातिमा आपायनं, सामोवरच तिच्याकडे सरकवला होता. "ओत गं, माझा खांदा दुखतोय." खांदा काही दुखत नव्हता. त्या दिवसापासून ती पाहुणी राहिली नाही.

"तुला सांगायचं राहिलं," आगाय म्हणाले. "परवा तो विम्यावाला आला होता. तोंड बंद व्हायला तयार नाही. तुझ्या आपायनं त्याला दुसरा पियाला काठोकाठ भरून दिला."

"मग?"

"मग काय. खेड्यातलाच पोरगा, कळलं त्याला. टोपी उचलून निघाला."

"पिऊन गेला ना पण," आपाय म्हणाली. "मी काय हाकललं? उलट भरपूर दिला."

कामशात हसता हसता आगायचा पियाला भरत होती. भरत कसली, तळाशी दोन बोटं चहा. आपल्या माणसाला असाच देतात. थोडा थोडा, पुन्हा पुन्हा, त्यानं बसावं म्हणून.

"त्यांचा सूट कमरेला दोन बोटं सैल केलाय," आपाय म्हणाली. "शापान वरून असेल, पण खालचं दिसतंच की. टोपी नवी घेतलीय."

"सगळ्या गल्लीला दाखवून झाली टोपी," आगाय म्हणाले. मग पियाला हातात फिरवत त्यांनी विचारलं, "वसंतात तू मुख्य स्विच बदललास. नव्याला मानाचा आकडा दिलास ना?"

हा त्यांचा जुना धडा. पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला याच दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीपाशी, शिकवला होता. जेवायला माणसं जमली आणि त्योरवर कुणी बसायचं ते यजमानानं सांगितलंच नाही, तर काय होतं? तू बस, नाही तू बस, असं चालतं आणि शेवटी जो वयानं सगळ्यात म्हातारा त्याला वर ढकलतात. तो बहिरा असो, बसल्या बसल्या पेंगणारा असो. मग सगळ्या पंगतीचं ताट त्याच्या हातातून पुढे जातं, आणि पंगत उपाशी बसते. स्विचांचंही तसंच. ते आपसात एक प्रमुख निवडतात आणि वाटा त्याच्याकडे बघून ठरवतात, कुठली चालू ठेवायची, कुठली बंद. आकडा ज्याचा लहान तो प्रमुख. आकडे सगळ्यांचे सारखेच असले तर कारखान्यात पोटावर कोरलेला नंबर ज्याचा लहान तो, म्हणजे बहुतेक वेळा सगळ्यात जुना. म्हणून यजमानानं आधी तोंड उघडायचं. मुख्य स्विचला लहान आकडा द्यायचा, त्याच्या खालोखाल दुसऱ्याला. बाकी सगळं नंतर.

"दिला, आगाय," ती म्हणाली आणि पियाला पुढे केला.

खरं तर तिला आठवत नव्हतं. वसंतात दोन दिवसांत सगळं बदलायचं होतं, रात्र रात्र जागून तिनं ते केलं होतं. दिलाच असेल, असं तिला वाटलं. उद्या बघू, असंही वाटलं. सोमवारी पहाटे पहिले ट्रक आले आणि उद्या गेला तो गेलाच.

चार सप्टेंबरला काटा पहिल्यांदा थांबला. ट्रक काट्यावर, पडद्यावर वजन गोठलेलं, काटेवाला माऊस आपटतोय. पाऊण मिनिटानं सगळं आपोआप सुरळीत. दुसऱ्या दिवशी दोनदा. मधेच चाल इतकी मंद व्हायची की एका ट्रकची नोंद सर्व्हरपर्यंत पोचायला दहा मिनिटं लागायची. कागदावर लिहून घ्यायची सोय वरच्यांनी याच वर्षी बंद केली होती, कारण कागदावर माणूस खोटं लिहितो म्हणे. संगणकात खोटं लिहिता येत नाही असं ज्यांना वाटतं अशी माणसं राजधानीत बसून कायदे करतात.

"ए बाई, तुझं इंटरनेट गुरं वळायला गेलंय काय?" रांगेतले ड्रायव्हर ओरडायचे.

"गेलं असेल तर आमचा एक बैलपण बघून ये म्हणावं."

कामशातनं काट्याची वायर बदलली. काट्याचा स्विच बदलला. नव्या मुख्य स्विचवर रात्री दोनदा हात फिरवला. नोंदींमध्ये दिसत होतं की वाटा पुन्हा पुन्हा बदलतायत, पण प्रमुख कोण आहे ते तिनं बघितलं नाही. प्रमुख कोण ते तिला माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट कोण कशाला तपासतं.

एकोणीस तारखेला प्रांतातून पाहुणे आले. संचालक मार्देन सापियेविच त्यांना दहा वाजता संग्रहालयात घेऊन गेले. पाहुणे फोटोंसमोर उभे राहिले, ओंब्यांना हात लावून बघितलं, तळलेले बाउरसाक खाल्ले, एकानं तिथेच तासभर भाषण ठोकलं. तिकडे काट्यावर त्रेचाळीस ट्रक खोळंबले. रांग रेल्वेच्या फाटकापर्यंत गेली. बारा वाजता पाऊस आला.

ताडपत्र्या अर्ध्यांकडेच होत्या. जुन्या कामाझ ट्रकवरचा एक म्हातारा ड्रायव्हर टपावर चढला आणि त्यानं अंगातलं जॅकेट काढून गव्हावर पसरलं. हातभर जॅकेट आणि आठ टन गहू. कामशात काट्याच्या खिडकीतून बघत होती. तो जॅकेटाच्या कडा ओढून ओढून सारख्या करत होता, जणू पोराच्या अंगावर पांघरूण घालतोय.

भिजलेला गहू खालच्या प्रतीत गेला. अकरा गावांनी तक्रारी लिहिल्या.

"उद्या सकाळी वर कागद जायला हवा," मार्देन सापियेविच म्हणाले. "कारण लिहून दे. एका पानात."

"साहेब, अजून सापडलं नाही. दोन दिवस द्या."

"दोन दिवसांत या खुर्चीत दुसरा बसेल. तो तुला ठेवेल असं वाटतं तुला?" त्यांनी पेन तिच्याकडे सरकवलं. "ही सगळी मांडणी कुणाची? म्हाताऱ्याचीच ना?"

"मूळची त्यांचीच. पण..."

"मग तेवढंच लिही. जास्त अक्कल नको. पेन्शनीत गेलेल्याचं कोण काय वाकडं करणार आहे? पगार थोडाच कापणार."

तिनं लिहिलं. 'नेटवर्कची मूळ मांडणी जुन्या पद्धतीची असून ती पूर्वीच्या अभियंत्याच्या काळातील आहे.' एक वाक्य. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. खाली सही केली, तारीख घातली, आणि घरी जाऊन गाढ झोपली. नंतर तिला सगळ्यात जास्त याचंच आश्चर्य वाटायचं, की त्या रात्री झोप लागली.

वरून आदेश यायला आठवडा लागला. अशा कामात त्यांचा उरक दांडगा असतो. आगायचं नाव सन्मानाच्या यादीतून कमी झालं. शापान दुसऱ्या कुणाला द्यायचा ठरला. भिंतीवरून फोटो उतरवला, तिथे एक चौकोन राहिला, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. एल्विरा गुस्ताव्होव्नाला फोटो फेकवेना, म्हणून तिनं आगायना फोन करून सांगितलं, येऊन घेऊन जा.

ते गुरुवारी आले. पायी. कामशातनं सर्व्हरच्या खोलीच्या खिडकीतून त्यांना फाटकातून आत येताना बघितलं. डोक्यावर नवी टोपी होती. ती खुर्चीत येऊन बसली आणि कानांवर हेडफोन चढवला. हेडफोनमध्ये काही वाजत नव्हतं. बाहेरून कुणीतरी दारावर दोनदा टकटक केलं, थांबलं, आणि पावलं निघून गेली.

त्या दिवसापासून काटा एकदाही थांबला नाही.

तिला बरं वाटलं. बदललेली वायर शेवटी लागू पडली, असं तिनं काटेवाल्याला सांगितलंसुद्धा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एल्विरा गुस्ताव्होव्नानं तिला जिन्यात गाठलं. "तुझा डबा मेला. शाळेची पोरं आली होती, विचारत होती की हा का लुकलुकत नाही."

"कधीपासून?"

"मला काय माहीत. ओस्पान येऊन गेला तेव्हापासून असेल. तो बराच वेळ उभा होता तिथे. मी म्हटलं, काय बघतोस, तुझीच बाहुली आहे. तर म्हणाला, हो, हिला बसायला चुकीची जागा मिळालीय."

कामशातनं कपाट उघडलं. दोन्ही वायरी काढलेल्या होत्या. नीट वेटोळी करून, प्रत्येकीला लाल लोकरीच्या धाग्याची गाठ मारून, डब्याशेजारी ठेवलेल्या. आपायच्या गालिच्यांतली उरलेली लोकर आगायच्या खिशात कायम असायची. वायर सोडली की बांधायची, हाही त्यांचा एक धडा होता.

ती उभी राहिली. मग खाली सर्व्हरच्या खोलीत गेली आणि मुख्य स्विच उघडून आकडा बघितला. बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. कारखान्यातून येतो तोच. सगळ्यांचा तोच. तिनं कुणालाच बस म्हटलं नव्हतं, आणि सगळ्यात म्हाताऱ्याला स्वतःच्या हातानं दारातून आत आणलं होतं. दोन वायरी खोचल्या म्हणून काटा आणि कचेरी यांच्या मधोमध तो जाऊन बसला. काट्याची सरळ, वेगवान वाट त्यानं बंद पाडली आणि सगळा माल आपल्या अरुंद पोटातून न्यायला लावला. एल्विरा गुस्ताव्होव्ना खटका दाबायची तेव्हा सगळे पाऊण मिनिट थांबून त्याला मुजरा करायचे, ती बंद करायची तेव्हा पुन्हा थांबून नवा शोधायचे. तिनं नोंदी संग्रहालयाच्या वहीशी ताडून बघितल्या. सगळ्या वेळा जुळल्या. एकोणीस तारीख, दहा ते एक.

तिनं मुख्य स्विचला चार हजार शहाण्णव दिला. दोन मिनिटांचं काम होतं.

मग कागद घेऊन तिनं मार्देन सापियेविचना अर्ज लिहिला, अर्ध्या पानाचा, चूक कुणाची ते स्पष्ट लिहिलेला. तो वाचला आणि टेबलाच्या खणात, वायरी तपासायच्या मीटरच्या खाली ठेवला. उत्सव होऊन जाऊ दे, मग देऊ. उत्सवात शापान प्रांतातून आलेल्या एका पाहुण्याच्या खांद्यावर पडला. त्यानं आयुष्यात पोतं उचललं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. उत्सव झाला, अर्ज खणातच राहिला.

पहिलं बर्फ पडून गेल्यावर एका रविवारी ती आगायकडे गेली. मिठाईचा डबा घेतला, अर्ज घेतला. दार आपायनं उघडलं.

"ये," ती म्हणाली. "कोट इकडे दे. नको, तू नको, मी टांगते."

दस्तरखान आधीच मांडलेला होता. कामशात सवयीनं सामोवरपाशी बसायला वाकली, तेवढ्यात आपाय तिथे बसून मोकळी झालेली.

"तिथे नको, वर बस. त्योरवर. पाहुणी ना तू."

त्योरवर जाड गादी घातली होती. उशी नवी होती. कामशात जाऊन बसली. त्या जागेवरून हे घर तिनं नऊ वर्षांत बघितलं नव्हतं. दार समोर दिसत होतं, दाराशेजारी तिचे बूट. बाजूच्या भिंतीवर आगायचा फोटो लावला होता, कोठाराची चौकट तशीच ठेवून.

आगाय आले, बसले. तब्येत विचारली, आईचं विचारलं, बर्फाचं बोलले. आपायनं चहा दिला, दोन बोटं.

"आगाय, चूक माझी होती," कामशात म्हणाली. बोलायची तयारी केलेलं बाकी सगळं विसरलं. "आकडा दिला नव्हता. डबापण मीच लावला. तुम्हाला आवडेल म्हणून."

"आवडला की," आगाय म्हणाले. "दिवे छान लागले होते."

"हा अर्ज लिहिलाय मी. उद्या साहेबांना देते."

त्यांनी हात पुढे केला नाही. "आता कशाला? कापणी झाली, उत्सव झाला. तुझी नोकरी जाईल, आणि त्यांना नवीन कुणी मिळणार नाही. काट्यावर कोण बसेल? मार्देन?" ते जरा हसले. "आता किती आकडा दिलायस?"

"चार हजार शहाण्णव."

"त्याच्या खालोखाल?"

"आठ हजार एकशे ब्याण्णव. वाळवणीच्या बुरुजावरच्याला."

"बरोबर. आणि काट्याच्या बाजूच्या तोंडांवर पहारा लाव. कुणी नवा येऊन मी मोठा म्हणाला तर तोंडच बंद झालं पाहिजे. तेवढं मी तुला शिकवायचं ठेवलं होतं."

"लावते."

त्यांनी बाउरसाक उचलला, मोडला नाही, हातात धरून ठेवला.

"विसरलीस त्याचं काही नाही," ते म्हणाले. "मीपण विसरलोय. दोनदा अख्खं कोठार बंद पाडलंय मी, तू नव्हतीस तेव्हा. कागदाचंसुद्धा समजतो, पोटाचा प्रश्न असतो." ते सामोवरकडे बघत होते. "पण मी विचारलं होतं, कामशात. इथे बसूनच विचारलं होतं. तू चहा ओतत होतीस."

नावापुढे ते नेहमी लाडानं 'जान' लावायचे. आज लावलं नाही.

  अर्जाची घडी तिच्या मुठीत ओली झाली होती.

"पियाला दे," आपाय म्हणाली.

कामशातनं दोन्ही हातांनी रिकामा पियाला पुढे केला. आपायनं आधी दूध घातलं, मग चहा, आणि तोटी चालूच ठेवली. चहा वर वर येत काठाला लागला, काठावर फुगून उभा राहिला. एक थेंबही सांडला नाही. आपायचा हात पक्का होता.

आगायनी पियाल्याकडे बघितलं, मग बायकोकडे. तोंड उघडलं, आणि मग खाली बघून हातातला बाउरसाक मोडला.

"उजेड आहे अजून," ते म्हणाले. "फाटकाजवळ बर्फ घट्ट झालंय, जपून जा."

कामशातनं पियाला उचलला. चहा चटके देत होता. न सांडता, मधे न थांबता, ती तो सगळा प्यायली.